डॉक्टरचे लायसन्स राज्यापुरतेच!

मंडळाच्या गणपतीत हमखास कोणीतरी विचारते, "डॉक्टर, मुलगा ओहायोत शिकतोय, घसा धरलाय. फोनवरून अँटिबायोटिक द्या ना!" मी न्यू जर्सीत प्रॅक्टिस करते, म्हणून नकार देते. माणसे दुखावतात, म्हणून हा खुलासा.

मुंबईची एम.बी.बी.एस. असूनही मला ईसीएफएमजीचे सर्टिफिकेट, यूएसएमएलई आणि पुन्हा रेसिडेन्सी करावी लागली. त्यानंतर लायसन्स मिळाले, तेही एकाच राज्याचे! इथे ते केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे मेडिकल बोर्ड देते. आणि पेशंट जिथे असतो तिथेच उपचार झाला, असे सर्वसाधारणपणे धरतात. मी कुठून बोलते याला महत्त्व नाही. म्हणजे ओहायोतल्या मुलाला तपासायचे तर लायसन्सही ओहायोचेच हवे. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, अनेक राज्यांनी सवलत दिली होती, पण बहुतेक ठिकाणी ती संपली. 2017 पासून काही राज्यांच्या आपसातील करारामुळे दुसरे लायसन्स लवकर मिळते खरे, पण फी आणि नियम राज्यागणिक वेगळेच.

नियम मोडला तर बोर्डाची कारवाई माझ्यावर होते, हे मैत्रीत कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा चिरंजीवांना कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये पाठवा. आणि हो, तुमच्या डॉक्टरचे लायसन्स चालू आहे का, हे बोर्डाच्या वेबसाइटवर फुकट पाहता येते. माझेही जरूर पाहा!