अम्री राजाची कारकीर्द : सहा वचने व एक नाव

इस्राएलच्या उत्तर राज्याचा राजा अम्री याची कारकीर्द इ. स. पू. ९ व्या शतकाच्या पूर्वार्धात मोडते. 'राजे' ग्रंथाच्या पहिल्या भागात तिच्या वाट्याला अवघी सहा वचने आली आहेत. बारा वर्षांचे राज्य, त्यांपैकी सहा तिरसा येथे. शेमेराकडून दोन किक्कार रुप्यास विकत घेतलेली टेकडी व तीवर वसविलेली शोमरोन ही राजधानी. आणि पूर्वीच्या सर्व राजांहून अधिक दुराचारी असा निर्वाळा, एवढाच तो वृत्तान्त. त्यावरून हा राजा नगण्य होता असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल.

शेजाऱ्यांची साक्ष निराळी आहे. १८६८ साली धीबान येथे आढळलेल्या मवाबराज मेशाच्या शिलालेखात, अम्रीने मवाबला दीर्घकाळ जाचल्याचा उल्लेख आहे. सहा वचनांत या वर्चस्वाचा निर्देशही नाही.

अश्शूरी लेखांतील पुरावा भाषिक दृष्ट्या अधिक उद्बोधक आहे. नावाच्या आरंभीचा 'अयिन' हा कंठातील वर्ण अश्शूरी लिपिकारांनी आपल्या 'ख'सदृश वर्णाने लिहिला. त्यामुळे 'अम्री'चे 'खुम्री' झाले. इ. स. पू. ८४१ मध्ये तिसऱ्या शल्मनेसरास खंडणी देणारा येहू हा काळ्या स्तंभावर 'खुम्रीचा पुत्र' म्हणवला आहे. वस्तुतः अम्रीच्या वंशाचा उच्छेद करूनच येहू गादीवर आला होता. हा विरोध बहुधा आभासात्मक होय. 'बीत' म्हणजे घर. मराठीत 'घर' शब्दापासून 'घराणे' झाले, त्याप्रमाणे 'बीत-खुम्री' हे प्रथम राजकुलाचे व पुढे देशाचे नाव बनले. त्या देशाचा अधिपती तो 'खुम्रीचा पुत्र'. सुमारे दीडशे वर्षांनंतर, शोमरोनचा पाडाव झाल्यावरही, दुसऱ्या सारगोनाच्या लेखांत हेच देशनाम आढळते.

तेव्हा वृत्तान्ताची त्रोटकता ही राजाच्या सामर्थ्याची नव्हे, संकलकाच्या प्रयोजनाची निदर्शक आहे. त्याने राजांची पारख केली ती उपासनेच्या शुद्धतेवरून. अम्रीचा उर्वरित पराक्रम इस्राएलच्या राजांच्या बखरीत पाहावा, असे तो स्वतःच सांगतो. ती बखर आज उपलब्ध नाही. तिची उणीव काही अंशी भरून निघते ती शत्रूंनी कोरलेल्या एका नावाने.