बीटलच्या तबकडीतली आपली माणसे

विवळवेढ्याच्या आसपासच्या पाड्यांवर तारप्याचा नाच सुरू झाला, की तारपा कोण वाजवतो आहे हे विचारावे लागत नाही. भोवती नाचणाऱ्यांना त्याचे नाव, पाडा, सोयरेधायरे सारे ठाऊक असते. तबकडीच्या जगात मात्र उलटा न्याय! गाणारा जगप्रसिद्ध आणि वाजवणारे कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनचेच पाहा. १९६६ साली तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईस आला होता. जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत मुद्रित करायला. जागा एच. एम. व्ही.चे फोर्टातले ध्वनिमुद्रणगृह. तिचे वर्णन पुढे त्यानेच केले आहे. खाली कचेऱ्या, वर स्टुडिओ आणि बाहेरचा आवाज अडवण्याची काही सोय नाही. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या, की जिना उतरणाऱ्यांची धडधड थेट यंत्रात! मग वादन बंद. नीट कान दिला तर टॅक्सीही ऐकू येतात, असे तो सांगे. लंडनच्या सुसज्ज स्टुडिओत वावरलेल्या माणसाने हे सारे चालवून घेतले, याचे मला मोठे कौतुक वाटते.

वाजवायला कोण होते? सरोदवर आशीष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा. सुरबहार चंद्रशेखर नारिंग्रेकरांची आणि बासरी एस. आर. केंकरे यांची. ही शेवटची दोन नावे आपल्या घरांत तरी किती जणांना ठाऊक आहेत? ही तबकडी मी वर्गात लावली, तेव्हा तलासरीकडच्या एका मुलाने पहिला प्रश्न केला, “सर, बासरीवाला कुठला?” हॅरिसनची चौकशी त्याने केलीच नाही.

नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ निघाली. कुणाही बीटलची ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. काही भाग लंडनमध्ये मुद्रित झाला होता, पण तिचा जीव मुंबईतला. अमेरिकेत ती ४९व्या क्रमांकापर्यंत चढली. विलायतेत फारशी चालली नाही.

खरे यश लाभले ते त्याच मुक्कामात मुद्रित झालेल्या दुसऱ्या एका वाद्यमेळाला. हॅरिसनने लंडनला जाऊन त्यावर आपला आवाज चढवला. शब्द चिनी ताओ ग्रंथावर बेतलेले, वाद्ये आपली. ‘द इनर लाइट’ हे ते गाणे मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागच्या बाजूस निघाले. ‘लेडी मॅडोना’ विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि तबकडी उलटून ऐकणाऱ्यांच्या घरोघर मुंबईचे सूर पोहोचले. त्या तबकडीवर मुंबईच्या वादकांपैकी एकाचेही नाव नव्हते.