गरिबाच्या भाकरीची पन्नास वर्षं

१९७२च्या दुष्काळाचा विषय निघाला की सोलापूर-मराठवाड्याकडची जुनी माणसं आधी मिलोचं नाव काढतात. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी कुणालाच गोड लागली नाही, तरी तिनं घरंच्या घरं तगवली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी नावाचं कोरडं पौष्टिक खाणं मिळायचं. याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली.

पण दुष्काळाच्या या आठवणींमुळे एक गोष्ट झाकली जाते. बऱ्या सालात याच मुलखातली गरीब घरं कमी पैशात चांगलं जेवत होती. ज्वारीच्या शेतात तुरीच्या ओळी असत, मधे मूग-उडीद, बांधाला अंबाडी. भाकरीसोबतचं कालवणही त्याच रानातून यायचं. खुरपायला गेलेल्या बाया येताना ओट्यात तांदुळजा, पाथरी, घोळ घेऊन येत. त्याला दाम पडत नसे. घरी हुलग्याचं माडगं, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी आणि कांदा. ज्वारीत जे प्रथिन अपुरं पडतं ते डाळीतून भरून निघतं, हे त्या बायांना कुणी शिकवलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्यांच्या जेवणातून ते ताट तसं जुळत आलं होतं. उरलेली भाकरी सकाळी ताकात कुस्करायची. सोलापूरकडची कडक भाकरी तर कित्येक दिवस टिकते. या स्वयंपाकाला मी काटकसर म्हणणार नाही. ते उत्तम अन्न होतं, आणि ते बायकांच्या न मोजलेल्या कष्टांवर उभं होतं. पहाटेचं जातं, डोक्यावरची मोळी, चुलीचा धूर हे सगळं त्या ताटाच्या हिशेबात धरलं पाहिजे.

मग संकरित ज्वारी आली. पहिलं वाण, सीएसएच-१, १९६४चं. उतारा वाढला, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडायची आणि बाजारात भाव पडायचा. खरिपातली ज्वारी हळूहळू मागे सरली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. ते विकायचं पीक. चुलीवर त्याचा उपयोग नाही. त्यासोबत तणनाशक आलं आणि रानातली फुकटची भाजी जळून गेली. कडधान्याची आंतरपिकंही कमी झाली. रब्बीत मालदांडी ज्वारी मात्र टिकली, त्याला जनावरांच्या कडब्याचंही मोठं कारण आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालं.

दुसरीकडे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त होत गेले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरवला. २०२३पासून हे धान्य मोफत झालं. हा मोठाच आधार आहे, त्याला नाव ठेवणं मला पटत नाही. कायद्यात भरड धान्य असूनही आपल्याकडच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडले, ही खंत मात्र आहे. जे मिळालं त्यावर ताट बदललं. पोट भरलं, पण डाळ आणि पालेभाजी विकत घ्यायची झाली, म्हणून ती पातळ आणि थोडी झाली.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. शहरात ज्वारीचं कौतुक सुरू झालं आणि चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग झाली. जिच्यावर मजुराचं घर चालायचं, ती आता त्याच घराला परवडेना.

तरी पैसे मोजूनमापून खर्च करणाऱ्या घरांना जुन्या ताटातलं बरंच काही आजही साधण्याजोगं आहे. हुलगे आणि मटकी भिजवून मोड आणले की थोड्यात घरादाराला पुरतात. शेवग्याचं एक झाड दारात असलं तर पाला आणि शेंगा दोन्ही मिळतात. अंबाडी, चुका, राजगिरा थोड्याशा ओल्या जागेतही येतात. शेंगदाण्याचं कूट कालवणात पडलं की पातळ डाळही अंगी लागते. ज्वारी आणि तूरडाळ यांचं मात्र घरच्या युक्तीनं भागत नाही. पिकणाऱ्या जिल्ह्यांत ज्वारी आणि तूर हंगामात हमीभावानं खरेदी करून त्याच जिल्ह्यांच्या रेशन दुकानांत ज्वारी आणि तूरडाळ दर महिन्याला द्यायला हवी.