बक्कल नंबर वन!

सकाळी खट् करून लावायचं आणि रात्री काढेपर्यंत विसरून जायचं, एवढाच आपला बक्कलशी संबंध. पण याच चिमुकल्या वस्तूमुळे एका राजपुत्राचा जीव वाचला आणि तिच्याचसाठी आजही लोक शंभर मैल धावतात. शिवाय अनेक पट्ट्यांचं बक्कल घरच्या घरी दोन मिनिटांत बदलता येतं. चला तर मग, कमर कसा!

१. मधलं भोक तुमचं
बहुतेक पट्ट्यांना भोकं पाच किंवा सात असतात, म्हणजे विषम. कारण पट्ट्याचं माप ठरतं मधल्या भोकावर. बक्कलपासून मधल्या भोकापर्यंत ३६ इंच भरले, तर पट्टा ३६ नंबरचा. दोन भोकांत साधारण एक इंचाचं अंतर असतं. दिवाळीचा फराळ अंगी लागला तर एका बाजूची भोकं कामाला येतात, व्यायाम मनावर घेतला तर दुसऱ्या बाजूची. खरेदीचा सोपा नियम असा, की पँटच्या नंबरात दोन मिळवा. ३४ ची पँट असेल तर पट्टा ३६ चा घ्या.

२. बाण बक्कलवर अडला
इ. स. पू. ६८५. चीनमधल्या छी राज्याच्या गादीवरून दोन भावांत चुरस लागली होती. त्यातल्या श्याओबायवर प्रतिस्पर्ध्याच्या गोटातल्या ग्वान चुंगने बाण सोडला. तो लागला थेट कमरपट्ट्याच्या आकड्यावर! श्याओबाय मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला, मग सगळ्यांच्या आधी राजधानी गाठून गादीवर बसला. पुढे त्याने याच ग्वान चुंगला आपला प्रधान केलं आणि त्याच्या सल्ल्याने छी राज्य बलाढ्य झालं. सीमा छ्यान या इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. हा चिनी आकडाही मोठा सुबक असे. पाठीमागची गुंडी पट्ट्याच्या एका टोकात बसायची आणि पुढचा बाक दुसऱ्या टोकात अडकायचा.

३. पाव किलोहून जास्त सोनं, एका बक्कलात
१९३९ साली इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात सटन हू इथे एका टेकाडाखाली नौका पुरलेली सापडली. तिच्यात होतं सोन्याचं एक बक्कल, लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आणि वजन ४१२ ग्रॅम. सातव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. जवळून पाहिलं की वरची वेलबुट्टी हलायला लागते, कारण ती वेलबुट्टी नाहीच. एकमेकांत गुंतलेले साप, पक्षी आणि चार पायांचे प्राणी आहेत ते, एकूण तेरा! आणि गंमत म्हणजे हे बक्कल आतून पोकळ आहे. मागची झडप बिजागरीवर उघडते आणि तीन सरकत्या कड्यांनी बंद होते. लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममध्ये ते बघून या.

४. पट्टा काढ आणि उभा राहा!
रोमन सैनिकाची ओळख होती त्याचा पट्टा. त्यामुळे शिक्षाही पट्ट्याचीच. ऑगस्टस सम्राट किरकोळ गुन्ह्यांसाठी सैनिकांना सेनापतीच्या तंबूसमोर दिवसभर उभं करायचा, कधी अंगरख्यावर आणि पट्ट्याशिवाय, असं रोमन चरित्रकार स्युटोनियसने लिहिलं आहे. पट्टा नसला की अंगरखा ढगळ लोंबायचा आणि सगळी छावणी बघायची.

५. एक हात गेला, एक पट्टा आला
पोलीस आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरका जाणारा चामडी पट्टा पाहिलाय ना? त्याचं नाव सॅम ब्राउन आणि जन्म भारतातला. १८५८ साली पिलीभीतजवळच्या चकमकीत घोडदळाचा अधिकारी सॅम ब्राउन याचा डावा हात तुटला. तलवार उपसताना म्यान धरून ठेवणारा हातच गेला! मग रुंद कमरपट्ट्याला खांद्यावरून जाणारा दुसरा पट्टा जोडून त्याने म्यान जागच्या जागी पक्कं केलं. सोय त्याची होती, पण ती इतकी चोख निघाली की जगभरच्या फौजांनी उचलली.

६. बक्कल नंबर काय?
आपल्या पोलीस ठाण्यात अंमलदाराची ओळख त्याच्या बक्कल नंबरावरून. फिर्याद असो की पंचनामा, नावाशेजारी ‘ब. नं.’ आणि आकडा असतोच.
आणि एन. सी. सी.वाल्यांना बक्कल म्हटलं की आठवतो तो ब्रासो पॉलिशचा वास. पितळेतलं तांबं हवा आणि घामाने काळवंडतं, म्हणून परेडच्या आदल्या रात्री घासाघाशी. जाणते कॅडेट बक्कलच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतात, म्हणजे पॉलिशचा काळा डाग कापडी पट्ट्यावर उतरत नाही. फडक्यावर दोन थेंब, गोल-गोल घासायचं, पांढरट थर वाळू द्यायचा आणि कोरड्या कापडाने पुसायचं. तोंड दिसलं की झालं!

७. जीन्सला लूप नव्हते
पट्टा आणि जीन्स ही जोडी जन्मजात नाही. लेव्हाइसच्या प्रसिद्ध ५०१ जीन्सला बेल्टचे लूप आले ते १९२२ साली. तोवर पँट खांद्यावरच्या गॅलसवर टांगलेली असे, आणि मागे कमरेवर एक छोटा पट्टा व बक्कल असे. दुसऱ्या महायुद्धात कापड आणि धातू वाचवायचा म्हणून ते मागचं बक्कलही गेलं.

८. शंभर मैल धावा, बक्कल न्या
अमेरिकेत काउबॉयच्या कमरेवरचं ताटलीएवढं बक्कल नुसतं नटण्यासाठी नसतं. रोडिओ ही काउबॉयच्या कसबाची स्पर्धा जिंकल्यावर मिळतं ते, आणि मानाने मिरवलं जातं. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या डोंगरी शर्यतीतही हीच रीत. २४ तासांच्या आत पोचलात तर चांदीचं बक्कल, ३० तासांच्या आत पोचलात तर ब्राँझचं. ही प्रथा आली घोड्यांच्या शर्यतीतून. याच डोंगरवाटेवर टेव्हिस कप ही घोडेस्वारांची शर्यत १९५५ पासून होते. १९७४ साली गॉर्डी एन्स्ली हा स्वार घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांवर ती २४ तासांच्या आत पूर्ण करून मोकळा झाला!

९. चार बक्कलं, चार तऱ्हा
*पिनचं बक्कल:* सगळ्यात जुनं आणि भरवशाचं. टोक चौकटीतून ओढा, पिन भोकात घाला, उरलेलं टोक लूपमध्ये खोचा. पुरुषांच्या पट्ट्याचं टोक प्रथेप्रमाणे स्वतःच्या डाव्या हाताला जातं.
*प्लेटचं बक्कल:* काउबॉयवालं. मागे एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला पोटाकडे वळलेली खुंटी. पट्ट्याचं टोक प्लेटच्या मागून सरकवायचं आणि खुंटी भोकात बाहेरून दाबायची. टोक आपोआप लपतं. प्लेट किंचित बाकदार निवडा, नाहीतर खाली बसताना पोटात टोचते.
*दातेरी बक्कल:* याच्या पट्ट्याला भोकंच नाहीत, मागे दात्यांची पट्टी आहे. ओढलं की कट्-कट् घट्ट होतं, कळ दाबली की सुटतं. पोटभर जेवणानंतर एक-दोन दाते सैल करता येतात, इतकी बारीक सोय. पट्टा लांब झाला तर बक्कलच्या बाजूने कापा, टोकाच्या बाजूने कधीच नाही. आणि कापताना हात राखून कापा.
*दोन कड्यांचं बक्कल:* टोक दोन्ही कड्यांतून न्या, मग पहिल्या कडीवरून वळवून दुसऱ्या कडीतून परत आणा. जितकं ओढाल तितकं घट्ट. म्हणून तर मोटरसायकल शर्यतीच्या हेल्मेटला हीच रचना वापरतात.
आणि रुबाबाचं एक सूत्र: शर्टाची बटणपट्टी, बक्कलची कड आणि पँटची चेनपट्टी एका सरळ रेषेत यायला हवी. अमेरिकन फौजेत याची रीतसर तपासणी होते.

१०. बेंबीखाली खाज? बक्कल तपासा
बेंबीच्या खाली लालसर, खाजरा चट्टा वारंवार उठत असेल, तर बक्कलमधलं किंवा जीन्सच्या बटणातलं निकेल कारण असू शकतं. घामात निकेल विरघळतं आणि त्वचेला लागतं. आपल्या दमट हवेत तर अधिकच. युरोपात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियमच आहे. शर्ट आत खोचा, निकेल नसलेलं बक्कल घ्या आणि चट्टा जात नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

११. बक्कल बदला, पट्टा नको
आता सगळ्यात कामाची गोष्ट. पट्टा उलटा करून बक्कलजवळची घडी बघा. तिथे टिचबटणं किंवा स्क्रू असतील तर बक्कल सुटं होतं. शिलाई किंवा रिव्हेट असेल तर चप्पल दुरुस्तीवाल्या कारागिराकडे न्या.
टिचबटणं उघडा, जुनं बक्कल काढा, नव्याचा दांडा घडीत बसवा. पिन असेल तर ती लांबट खाचेतून वर काढा. घडीतल्या लूपची जागा विसरू नका, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागतं. बक्कलचा दर्शनी भाग बाहेर आहे ना, हे बघून बटणं दाबा. स्क्रू असतील तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, सैल होत नाहीत.
माप मात्र चुकवू नका. पट्टा ३५ मिलिमीटरचा असेल तर बक्कलची आतली रुंदी ३५ किंवा जेमतेम जास्त हवी. प्लेटची बक्कलं बहुधा ३८ ते ४० मिलिमीटरच्या रुंद पट्ट्यासाठी असतात. आणि खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. अस्सल पितळेला ते चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे.

चांगलं चामडं वर्षानुवर्षं टिकतं, आधी बिघडतं ते बक्कल. म्हणून पुढचा पट्टा घेताना आधी तो उलटा करून बघा, बक्कल सुटं होणाराच घ्या, आणि घरातला जुना पट्टा फेकण्याआधी त्याला एक नवं बक्कल लावून बघाच!