माजी विद्यार्थी, आजी विद्यार्थी आणि ‘द्रव्य’

महाविद्यालयाकडून माजी विद्यार्थ्यांस पत्र येते, त्याचे कारण बहुधा ठरलेले असते. मूल्यांकन समिती येणार असते, नाही तर इमारत निधी अपुरा पडलेला असतो. ‘नॅक’च्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्थान मिळाले, मेळावे भरले, छायाचित्रे निघाली. तथापि मूल, आरमोरी, धानोरा, एटापल्ली येथे एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्याचे आपल्या महाविद्यालयाशी नाते त्यामुळे दृढ झाल्याचे आम्हांस दिसत नाही. आमच्या मते याचे कारण असे, की या व्यवहारात आज शिकत असलेला विद्यार्थी कोठेच नसतो. असलाच तर स्वागतासाठी गुलाबपुष्पे घेऊन दारात उभा असतो.

याबाबतचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबा आमटे यांनी १९६७ साली मूल तालुक्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. भर मे महिन्यात महाविद्यालयीन तरुण तेथे जातात. सकाळी कुदळ-फावडे, नंतर व्याख्याने व चर्चा. तरुणांकडे पहिले मागणे असते ते श्रमाचे. पुढे नोकरी-व्यवसायात स्थिरावल्यावरही त्यांच्यापैकी कित्येकांचा आनंदवनाशी ऋणानुबंध राहिला. आधी सहवास, मग देणगी, हा क्रम आपल्या महाविद्यालयांनी उलटा केला आहे.

चिकित्सेच्या चतुष्पादांत ‘द्रव्य’ आहे, ते औषधी या अर्थाने. निधी समित्यांनी त्याचा अर्थ केवळ पैसा असा घेऊ नये! साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात बेहडा, बिबा, शतावरी यांची ओळख पुष्कळांना बरणीतूनच होते. द्रव्यगुण विभागाने चार-पाच विद्यार्थी आठवडाभर वनप्रदेशातील माजी विद्यार्थ्याकडे पाठवावेत. त्यांनी वनस्पतीचे मराठी व गोंडी नाव, संग्रहाचा काल आणि लोकांतील उपयोग टिपावा. औषधालयाच्या मालकांनी त्यांना कच्च्या मालाची पारख व भेसळ दाखवावी. मात्र रानात शिरण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून तरी ही गोष्ट आपणांस अपरिचित नाही. असा आठवडा काढलेला विद्यार्थी पदवीनंतर आरमोरीस दवाखाना थाटण्याचा विचार तरी करील. आज तो विचार त्याच्या मनात येण्यास काही निमित्तच नसते.

निधीचे पत्र या विद्यार्थ्यांनीच लिहावे. त्यात ‘महाविद्यालयाच्या विकासार्थ’ असे मोघम काही नसावे. वनौषधी उद्यानाचे कुंपण, रोपवाटिकेचे पाणी, एखाद्याचे भोजनशुल्क, असे नेमके काम व त्याचा खर्च असावा. वर्षअखेरीस हिशेबाचे पत्रही त्यांनीच धाडावे. रक्कम मात्र विद्यार्थ्यांच्या हाती न येता थेट संस्थेच्या खात्यात, रीतसर पावतीने जमा व्हावी. कोणी किती आणावे याचे उद्दिष्ट नको आणि अंतर्गत गुणांशी त्याचा संबंध तर मुळीच नको. साहाय्य घेणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. ज्याच्या भोजनशुल्कासाठी निधी आहे, त्यालाच पावतीपुस्तक देऊन दारोदार पाठविणे आम्हांस असह्य वाटते.

ज्या सभासदांची दोन विद्यार्थ्यांच्या निवासाची तयारी असेल, त्यांनी आपला तालुका आणि परिसरातील वनस्पतींची यादी शाखा-चिटणिसांकडे पाठवावी.