बेडकासारखे पाय

बाळ निघालं बाहेर : लेखांक ७

बाबागाडीची चाकं या आठवड्यात राहू द्या. मोठं चाक, छोटं चाक आणि आपल्या फुटपाथांचे खड्डे यांचं गणित मांडायचं मी कबूल केलं होतं. पण मधल्या मंगळवारी इस्लामपूरहून एका आजींचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून मला चाकांबद्दल लिहवेना.

आजी लिहितात, ‘सुनेने पाच महिन्यांच्या नातीसाठी छातीशी बांधायची पिशवी आणली आहे. त्यात पोरीचे पाय बेडकासारखे फाकलेले राहतात. आमच्या सासूबाई म्हणायच्या, लेकराला लवकर कडेवर घेतलं की पाय फेंगडे होतात. सून ऐकत नाही. तुम्ही तरी सांगा.’ आणि खाली ताजा कलम आहे, त्याकडे शेवटी येते.

आजी, पाय फेंगडे होत नाहीत. पाच महिन्यांच्या बाळाला अंगाशी बांधायचं तर पाय तसेच हवेत, अगदी बेडकासारखे. सुनेने पिशवी चांगली निवडली आहे. पण तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही, कारण गेली पंधरा वर्षं आईबाबांना बाळ अंगाशी बांधायला शिकवताना हा प्रश्न मला इतक्या घरांत भेटला आहे की त्याचं मूळ शोधल्याशिवाय राहवलं नाही.

मूळ असं आहे. प्रत्येक बाळ थोड्याफार फेंगड्या पायांनीच जन्माला येतं. पोटातल्या अपुऱ्या जागेत मांडी घालून, घोटे एकमेकांत अडकवून महिनोन् महिने बसलेल्या जिवाच्या नडग्या बाकदार असायच्याच. पाळण्यात हा बाक कोणाला दिसत नाही. वर्ष-सव्वा वर्षाचं झालं, उभं राहून चालायला लागलं, की तो एकदम नजरेत भरतो. आणि त्याच्या आधीचे सहा महिने ते मूल कोणाच्या ना कोणाच्या कडेवरच असतं. मग बोल कडेला लागतो. दोन वर्षांच्या सुमाराला पाय सरळ होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते उलट्या बाजूला झुकतात, गुडघे एकमेकांना घासायला लागतात, आणि घरात नवी काळजी सुरू होते. सातव्या वर्षापर्यंत तेही जागेवर येतं. कडेवर वाढलेलं मूल असो की पाळण्यात वाढलेलं, क्रम हाच.

बाक एकाच पायाला असेल, दोन वर्षांनंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, किंवा मुलाची उंचीही खुंटलेली वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. त्यामागे मुडदूस असू शकतो, आणि मुडदूस होतो तो बहुतेक वेळा ड जीवनसत्त्व कमी पडल्याने. म्हणूनच आपले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. ते चुकवू नका. पाय वाकडे होण्याची भीती असेल, तर तिच्यावरचा उपाय या थेंबांच्या बाटलीत आहे.

आता पिशवीकडे. बाळ बांधताना मी गुडघ्यांकडे पाहते ती गुडघ्यांच्या काळजीने नव्हे. माझं लक्ष असतं खुब्याकडे.

खुबा म्हणजे शाळेच्या पुस्तकात शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतो. मोठ्या माणसाची ही खोबण खोल आणि टणक असते. नवजात बाळाची उथळ असते आणि बरीचशी मऊ कूर्चेची असते. गोळा तिच्या मधोमध बसून राहिला, तर पहिल्या काही महिन्यांत खोबण त्याच्याभोवती खोल आणि गोल होत जाते, ओल्या मातीत ठेवलेल्या लिंबाभोवती माती धरते तशी. गोळा कडेला सरकलेला राहिला, तर खोबण उथळच राहते आणि पुढे सांधा निसटू शकतो. बाळाचे गुडघे वर आणि बाजूला असले की गोळा मधोमध बसतो. पाय सरळ ताणून एकमेकांना जुळवले की मांडीचे स्नायू ताणले जातात आणि गोळ्याला खोबणीच्या काठाकडे ओढतात.

बाळाला हे कोणी शिकवलेलं नसतं. तरी दोन-तीन महिन्यांच्या बाळाला काखेत धरून उचला आणि पाहा, ते पाय लोंबकळत सोडत नाही. गुडघे दुमडून वर घेतं. आजी म्हणतात तसं, बेडकासारखं. समोर जी कंबर येईल तिला बिलगायची तयारीच असते ती.

या सांध्याच्या इतिहासातली एक गोष्ट मला इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इटलीतल्या फेरारा शहरात मारिनो ओर्तोलानी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९३०च्या दशकात एक आई आपलं पाच महिन्यांचं बाळ घेऊन त्यांच्याकडे आली. बाळ रडत नव्हतं, तापलेलं नव्हतं. तिची तक्रार एवढीच होती की, बाळाला धुताना मांड्या उघडल्या की आत कट्‌ असं काहीतरी होतं. ओर्तोलानींनी तिचं म्हणणं मनावर घेतलं. तो ‘कट्‌’ म्हणजे खोबणीबाहेर गेलेला गोळा परत आत येण्याची खूण होती. १९३७ साली त्यांनी त्यावरून एक तपासणी मांडली आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नवजात बाळाला पाहायला आलेले डॉक्टर त्याचे गुडघे दुमडून, मांड्या हलकेच बाजूला उघडतात ना, ती हीच. त्या आईचं नाव माझ्या वाचनात कुठे आलं नाही. पण जगभरच्या डॉक्टरांच्या हातांना ती हालचाल शिकवली ती शी धुणाऱ्या एका हाताने.

खुबा सैल निघाला तर काय करतात? आर्नोल्ड पावलिक या चेक अस्थिरोगतज्ज्ञाने बनवलेले मऊ पट्टे बाळाला घालतात. पट्टे खांद्यांवरून पावलांपर्यंत जातात, गुडघे वर आणि बाजूला धरतात, आणि तरी बाळाला पाय झाडू देतात. कित्येक आठवडे, दिवसाचे जवळजवळ सगळे तास. पट्ट्यातल्या बाळाला पाहिलंत तर ते कोणाच्या तरी कडेवर बसल्यासारखंच दिसेल, फक्त खालची कंबर नसेल. आजी, तुम्हाला पिशवीतल्या बेडकाची भीती वाटते आहे, पण बिघडलेला खुबा नीट करायचा झाला तर डॉक्टर तोच बेडूक मागतात.

पाय सरळ बांधण्याचं काय होतं, याचा सर्वांत मोठा धडा जपानने घेतला. तिथे तान्ह्या बाळांना पाय लांब करून घट्ट गुंडाळायची रीत होती आणि खुबा निसटण्याचं प्रमाण शेकडा १.१ ते ३.५ इतकं होतं. १९७५च्या सुमाराला देशभर मोहीम निघाली की बाळाचे पाय ताणून बांधू नका, मोकळे ठेवा. ते समजावण्यासाठी त्यांनी मुद्दाम गाठलं ते आज्यांना, कारण बाळ गुंडाळणारे हात त्यांचे होते. प्रमाण शेकडा ०.२ च्या आसपास उतरलं. आफ्रिकेतल्या मलावीत आया बाळाला पाठीशी, पाय दोन्ही बाजूंना घालून, कापडाने बांधून दिवसभर हिंडतात. तिथल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दहा वर्षांत आलेल्या चाळीस हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. उथळ खोबणीच्या या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागलेलं एकही मूल त्यांत नव्हतं. वंशाचाही त्यात वाटा असू शकतो. तरी मला तोरणमाळच्या बाजारात कडेच्या झोळीत मूल बांधून फिरणाऱ्या बाया आठवल्या.

आणि आपल्या शहरी घरांत? न्हाऊ घालायला येणारी बाई तेल लावते, अंघोळ घालते, धुरी देते आणि मग दुपट्यात पाय सरळ जुळवून असं गच्च गाठोडं करते की बाळ हलायचं नाही. बाळ शांत झोपतं, म्हणून सगळे खूश. त्या बाईच्या हातातली माया मला ठाऊक आहे, माझ्या दोन्ही लेकींना तशाच हातांनी न्हाऊ घातलं. तिला कामावरून काढू नका. एवढंच सांगा की हात गुंडाळ, कमरेखालचं दुपटं सैल ठेव, आत गुडघे वर घेता आले पाहिजेत. पाय ओढून लांब करणं आणि पावलांना धरून बाळाला उलटं टांगणं मात्र पूर्ण बंद. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणंही बंद.

ज्यांचं बाळ पायाळू होतं, किंवा घरात कोणाचा खुबा लहानपणी निसटला होता, त्यांनी दीड महिन्याच्या सुमाराला खुब्याच्या सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावं. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा बराच जास्त दिसतो, आणि डाव्या खुब्यात उजव्यापेक्षा जास्त. लंगोट बदलताना एक मांडी उघडते आणि दुसरी अडते, असं वाटलं तर ते फेरारातल्या आईसारखं डॉक्टरांपुढे बोलून टाका.

आता दुकानात काय पाहायचं ते. खोक्यावरचं चित्र पाहू नका, बाळाला सोबत न्या आणि बसवून पाहा. बैठकीचं कापड एका गुडघ्याच्या खळगीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खळगीपर्यंत पोचलं पाहिजे. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर राहिले पाहिजेत, समोरून पाहिलं तर इंग्रजी एम अक्षर दिसावं. बाळ वाढेल तशी बैठक रुंद करता आली पाहिजे. महिन्याच्या बाळाला सहा महिन्यांच्या मापात बसवलं तर त्याच्या मांड्या नको तितक्या ताणल्या जातात, तेही चूक. काही पिशव्यांत दोन पायांमधून फक्त अरुंद पट्टी जाते आणि पाय सरळ लोंबतात. धडधाकट बाळाचा खुबा अशा पिशवीत अर्धा तास बसल्याने निखळत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांसाठी, पैसे मोजून घ्यायचीच आहे तर, रुंद बैठकीची घ्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी साडेतीन किलो तांदूळ भरलेली कापडी बाहुली बांधायला देते. तीन-चारदा बांधून हात बसला की मगच बाळ.

सासूबाईंच्या सांगण्यातला खरा भाग आता येतो. लवकर कडेवर घेऊ नये, हे बरोबरच आहे. पण त्याचं कारण मान आहे, पाय नाहीत. मान धरली नाही तोवर डोकं कलंडतं, हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्या बाळाची मऊ श्वासनळी तेवढ्याने दबते. ते रडतही नाही, त्यामुळे कळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये गळ्यात अडकवायच्या झोळ्यांबद्दल इशारा दिला, तेव्हा वीस वर्षांतल्या १४ बालमृत्यूंचा हिशेब त्यांनी मांडला होता. त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून बाळ उभं, छातीला घट्ट, पाठीला आधार असलेलं. चेहरा सतत दिसणारा, नाक-तोंडावर पदर किंवा ओढणी नाही. मान खाली घातली की त्याच्या टाळूचा पापा घेता येईल इतकं ते उंच असावं, आणि हनुवटीखाली तुमची दोन बोटं मावावीत.

आता तो ताजा कलम. ‘सून तिला तसंच बांधून स्कूटरवर मागे बसते. ते चालतं का?’

नाही. पिशवी चालण्यासाठी शिवलेली असते. स्कूटर घसरली तर बांधलेलं बाळ मोठ्या माणसाच्या अंगाखाली जातं. केंद्र सरकारच्या २०२२च्या नियमांनी चार वर्षांखालच्या मुलासाठी चालवणाऱ्याशी जोडलेला सुरक्षा पट्टा सांगितला आहे, नऊ महिन्यांच्या पुढे हेल्मेट सांगितलं आहे आणि वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर घातली आहे. पाच महिन्यांच्या बाळाची मान हेल्मेटचं ओझं पेलत नाही. त्याला स्कूटरवर न्यायचं नाही, हाच त्याचा अर्थ. इथे आजी बरोबर आहेत. सूनबाई, हा परिच्छेद तुमच्यासाठी.

आणि आजी, मान धरली असेल तर संध्याकाळी नातीला कडेवर घेऊन अंगणात उभ्या राहा, एक हात तिच्या पाठीला असू द्या. मग खाली वाकून तिचे पाय कसे झाले आहेत ते पाहा. सुनेच्या पिशवीत होतात, अगदी तसेच.

चाकं पुढच्या आठवड्यात नक्की. घरी बाबागाडी असेल तर तिच्या पुढच्या चाकाचा व्यास इंचांत मोजून ठेवा, आणि घरासमोरच्या फुटपाथची उंचीही.