वर्तुळाला चार दात का फुटले?

वर्तुळ काढणे आपल्याला किती सोपे वाटते! कंपासचे टोक कागदावर रोवले, पेन्सिल फिरवली, की झाले. पण समजा, कंपास नाही. पेन्सिल धरणाऱ्या दोन सरकत्या घोड्या तेवढ्या आहेत. त्यांतील एक केवळ डावी-उजवीकडे सरकते आणि दुसरी केवळ पुढे-मागे. आता वर्तुळ काढता येईल काय?

येईल. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत हे काम रात्रंदिवस चालू असते. संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या या यंत्रांना आपण सीएनसी म्हणतो. अशा प्रकारच्या पहिल्या यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत झाले. आता टेबलावर मावेल एवढे यंत्र हौशी माणसेही बांधतात. चाकणपासून फार दूर नसलेल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ पासून फॅब लॅब आहे, आणि खेड्यातील मुले तिथे अशी यंत्रे हाताळतात.

आमच्या महाविद्यालयातील मुलांनीही असे एक यंत्र बांधले. मोटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा माल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. घोड्या सरकवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ८ मिमी जाडीचे आट्यांचे गज वापरले. प्रदर्शनासाठी पवनचक्की करायची होती. तिच्या प्लायवुडच्या चकतीत २२ मिमी व्यासाचे बेअरिंग बसवायचे होते.

भोक कापले, पण बेअरिंग आत शिरेना. व्हर्नियरने मोजले तर आडवा व्यास २१.८ मिमी, उभा व्यासही तेवढाच, आणि तिरका मात्र बरोबर २२! शिवाय काठ खडबडीत, आणि चार ठिकाणी पायरीसारखा उंचवटा. गंमत म्हणजे त्याच यंत्राने कापलेल्या चौकोनाच्या कडा अगदी गुळगुळीत होत्या.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा उत्तर मला ठाऊक असणारच, अशी माझी समजूत! टूल बोथट झाले असेल, मी म्हणालो. नवे टूल लावले, वेग निम्मा केला. काठ थोडा सुधारला, पण चार पायऱ्या जागच्या जागी. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते आणि मुले भोक कानशीने मोठे करण्याच्या बेतात होती. त्या संध्याकाळी एका विद्यार्थिनीचे वडील तिला न्यायला आले. ते चाकणच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहेत. त्यांनी चकतीच्या काठावरून बोट फिरवले आणि विचारले, “सर, उलट्या दिशेने फिरवून बघितलं का?”

नव्हते बघितले. या प्रश्नात काय दडले होते ते समजण्यासाठी वर्तुळाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

वहीत एक वर्तुळ काढा आणि त्याच्या परिघावर एक मुंगी घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने चालते आहे असे समजा. तिची सावली आडव्या रेषेवर पाडली, तर ती सावली झोपाळ्यासारखी मागे-पुढे जाईल. मुंगी सर्वांत उजव्या बिंदूपाशी आली की सावलीचा वेग कमी होत होत क्षणभर शून्य होतो, आणि मग ती उलटी फिरते. डाव्या टोकालाही तेच. उभ्या रेषेवरची सावली सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या बिंदूंपाशी उलटते. म्हणजे वर्तुळाच्या एका फेरीत दोन घोड्यांना मिळून चार वेळा दिशा बदलावी लागते. चौकोनाची कड कापताना मात्र एकच घोडी एकाच दिशेने जाते. दिशा बदलायची ती कोपऱ्यावर, आणि कोपऱ्यातली चूक सहसा नजरेत येत नाही.

दिशा बदलताना काय बिघडते? तुमच्यापैकी ज्यांनी प्रयोगशाळेत स्क्रू गेज किंवा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप हाताळला असेल, त्यांना शिक्षकांची ताकीद आठवेल, की स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत वाचन घ्यावे. नट आणि गज यांच्या आट्यांमध्ये थोडी फट असतेच, नाहीतर नट फिरणारच नाही. दिशा बदलली की गजाचे आटे आधी ही फट ओलांडतात आणि मगच नटाला दुसऱ्या बाजूने ढकलू लागतात. कारखान्यात याला ‘प्ले’ म्हणतात, पुस्तकात बॅकलॅश. ही ताकीद मी स्वतः वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना देत आलो आहे, आणि नेमक्या वेळी ती मलाच आठवली नाही!

आमच्या गजाची एक फेरी झाली की नट १.२५ मिमी सरकतो. फट ०.२ मिमी धरली, तर दिशा बदलल्यावर मोटर सुमारे ५८ अंश फिरते आणि घोडी जागची हलत नाही. दुसरी घोडी मात्र चालूच असते. त्यामुळे टूल वळण्याऐवजी सरळ रेषेत जाते आणि वर्तुळाचा तेवढा भाग सपाट होतो.

हा सपाट भाग किती लांब असेल? पायथागोरसच्या प्रमेयाने काढू. त्रिज्या र, फट फ आणि सपाट भागाची लांबी ल मानू. घोडी अडकलेली असते तोवर वर्तुळ आतल्या बाजूला फ इतके वळलेले असते. म्हणून ल चा वर्ग अधिक (र − फ) चा वर्ग बरोबर र चा वर्ग. फ फारच लहान असल्याने तिचा वर्ग सोडून दिला, की ल = √(२ × र × फ) एवढेच उरते. त्रिज्या ३० मिमी आणि फट ०.२ मिमी घेतली, तर ल जवळजवळ साडेतीन मिमी येते. डोळ्याला न दिसणारी फट वर्तुळावर सतरा पट मोठी होऊन दिसते! एवढे मोठे भिंग आपल्याला फुकटात मिळते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टूल काढून त्या जागी बॉलपेन बांधले. पेनाला लाकूड कापावे लागत नाही, त्यामुळे कापण्याचा जोर व कंप या दोन्ही गोष्टी हिशेबातून वजा होतात. चार सपाट भाग तरीही उमटले. त्यांची लांबी साडेतीन मिमीच्या आसपास भरली. त्रिज्या चौपट, म्हणजे १२० मिमी केली, तेव्हा ती दुप्पट, सातच्या आसपास झाली. मग त्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे वर्तुळ उलट्या दिशेने काढले. आधी उजव्या टोकाच्या वरच्या अंगाला असलेला सपाट भाग आता खालच्या अंगाला गेला. दिशेबरोबर दोषाने जागा बदलली, की तो प्लेच. खडबडीत काठाचाही उलगडा झाला. फट ओलांडली जात असताना घोडीला कोणाचाच आधार नसतो. फिरणाऱ्या टुलाची धार तिला हवी तशी हिसकते.

वर्तुळ बिघडले की दर वेळी प्लेलाच दोष देऊ नका. वर्तुळ लंबगोल आले आणि त्याचा लांब व्यास आडवा किंवा उभा असला, तर १ मिमीसाठी मोटरीला द्यायच्या टप्प्यांचा आकडा एका अक्षावर चुकलेला असतो. लंबगोल तिरका असला, तर दोन घोड्या एकमेकींना काटकोनात नाहीत. फक्त १ अंशाची चूक असली तरी ६० मिमीच्या वर्तुळाच्या दोन तिरक्या व्यासांत १ मिमीहून अधिक फरक पडतो. परिघभर सारख्या अंतराने सपाट भाग दिसले, तर यंत्र निर्दोष आहे. ज्याने चित्र बनवले त्याने वर्तुळाऐवजी बहुभुजाकृती पाठवली. ३६ बाजूंची आकृती ६० मिमी व्यासाला चांगली गोल वाटेल असे तुम्हाला वाटत असेल, पण तिची प्रत्येक बाजू ५ मिमीहून लांब असते. आणि पेनाचे वर्तुळ स्वच्छ पण कापलेले खडबडीत असेल, तेव्हा मात्र टूल, वेग आणि पकड यांच्याकडे वळावे. मी सुरुवात नेमकी तिथून केली होती.

मोठ्या कारखान्यांतही यंत्राची तपासणी वर्तुळावरूनच करतात. दोन गोळ्यांना जोडणारा एक लांबी बदलू शकणारा दांडा यंत्रावर बसवून वर्तुळाकार फिरवतात आणि त्रिज्येतील फरक नोंदवतात. हा ‘बॉलबार’ अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील जेम्स ब्रायन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला. अशा चाचणीसाठी आयएसओ २३०-४ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

आमचा उपाय साधा होता. प्रत्येक गजावर एकाऐवजी दोन नट आणि त्यांच्यामध्ये एक दणकट स्प्रिंग. स्प्रिंग एका नटाला आट्यांच्या एका बाजूवर दाबते आणि दुसऱ्याला दुसऱ्या बाजूवर, त्यामुळे दिशा कोणतीही असो, फट ओलांडायची वेळच येत नाही. संगणकाला सांगून दिशा बदलताना मोटर थोडी जास्त फिरवणे हा दुसरा मार्ग आहे, पण मला तो पसंत नाही, कारण त्याने घोडी सैलच राहते. स्प्रिंगमुळे घर्षण वाढले आणि मोटरी थोड्या तापू लागल्या, हे मात्र खरे. डायल गेज लावून पाहिले, तर प्ले ०.२ मिमीवरून ०.०३ मिमीवर आला होता.

नव्या चकतीत बेअरिंग अंगठ्याने दाबताच बसले. ०.०३ मिमी फटीलाही सूत्राप्रमाणे ३० मिमी त्रिज्येवर सव्वा मिमीहून थोडा जास्त सपाट भाग यायला हवा. त्या विद्यार्थिनीने ६० मिमीची चकती कापून ती खिडकीशी उजेडात तिरकी धरली, आणि चारही जागा मला बोटाने दाखवल्या.